आईचा चहा आणि पबमेडमधला शोध

आईचं हिमोग्लोबिन ९.२ आलं तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय आहारशास्त्र. बायकांमध्ये, गरोदर नसताना, १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, एवढं मला पाठ होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "चहाबरोबर घेऊ नका हं."

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दुपारची ताटं उचलली की लगेच आधण चढतं. आजीच्या वेळेपासून. घरी आल्यावर आईने विचारलं, "चहाबरोबर नको, म्हणजे मग किती वेळाने चालेल? आणि जेवणावर घेतला तर भाजीतलं लोहही वाया जातं का गं?" मला उत्तर देता येईना. आमच्या पुस्तकात एकच ओळ होती : चहातल्या टॅनिनमुळे लोहाचं शोषण कमी होतं. किती कमी, किती वेळ, कोणावर पाहिलं, यातलं काहीच नाही. त्याच महिन्यात प्रबंधाचा विषय द्यायचा होता. मी हाच दिला.

पबमेड हे नाव वर्गात ऐकलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने चालवलेलं, १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट, वैद्यकीय संशोधनलेखांच्या साडेतीन कोटींहून जास्त नोंदी. पहिल्या दिवशी मी त्यात आईचा प्रश्न इंग्रजीत जसाच्या तसा टाकला, पूर्ण वाक्य. हाती काही लागलं नाही. मग नुसतं 'टी' आणि 'अ‍ॅबसॉर्प्शन' टाकलं, तर हजारोंनी नोंदी आल्या. पहिली दोन पानं वाचूनही संदर्भ लागेना : पेशींच्या भिंतीतले पोटॅशियमचे मार्ग, बेडकाची त्वचा, मज्जातंतू. अर्ध्या तासाने उलगडलं, की टेट्राइथिलअमोनियम नावाच्या एका रसायनाचं आद्याक्षरी रूपही 'टी-ई-ए' असंच लिहितात. मशीनला माझ्या कपातला चहा आणि ते रसायन यात फरक दिसत नव्हता, आणि तो सांगायची रीत मला ठाऊक नव्हती.

विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयातल्या ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी माझी वही पाहिली आणि गुजरातीत म्हणाले, "बेन, आखुं वाक्य नहीं, शब्दो लखो." मग कागदावर तीन उभे रकाने आखून दिले. एकात चहा, दुसऱ्यात लोह, तिसऱ्यात शोषण. प्रत्येक रकान्यात त्या गोष्टीची जितकी नावं सुचतील तितकी लिहायची. रकान्यातले शब्द आपसांत 'ऑर'ने जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने, आणि प्रत्येक रकान्याला कंस. हे 'ऑर' आणि 'अँड' मोठ्या लिपीत लिहायचे. आता हे अगदी साधं वाटतं, पण त्या कागदाने माझा प्रश्न मला पहिल्यांदा नीट दिसला. चहाच्या रकान्यात मी टॅनिन, पॉलिफिनॉल, ब्लॅक टी लिहिलं. पुढे त्यात कॉफीही घातली, कारण कितीतरी प्रयोगांत दोन्ही पेयं एकत्रच तपासलेली असतात.

मग त्यांनी मेश दाखवलं. मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयशीर्षकांची यादी, १९६० पासूनची. लेखकाने लेखात कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद ठरलेल्या शीर्षकाखाली जाते. हे ऐकताना मला मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवली. लहानपणी आजोबा मला तिथे न्यायचे. काचेच्या जमिनीवर चालायची मला भीती वाटायची, म्हणून मी खाली कार्डांच्या खणांपाशीच उभी राहायचे आणि आजोबा एकेक कार्ड सरकवून दाखवायचे. ती लायब्ररी उभी करायला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं होतं. बॉर्डननी इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली. मेश म्हणजे तेच खण. 'टी' या शीर्षकाचा खण उघडला आणि बेडूक, मज्जातंतू सगळे एका झटक्यात गेले.

पण फक्त शीर्षकांवर विसंबायचं नाही, हेही मग कळलं. अगदी ताज्या लेखांवर शीर्षक चढायला वेळ लागतो, आणि पबमेडमधल्या काही नोंदींवर ते चढतच नाही. म्हणून प्रत्येक रकान्यात शीर्षकही घालायचं आणि लेखाच्या नावात किंवा सारांशात येऊ शकतील असे साधे शब्दही.

खरी चूक पुढे झाली, आणि ती तीन आठवडे लक्षात आली नाही. आपल्या जेवणातलं लोह, म्हणजे डाळी, पालेभाज्या, धान्य यांतलं, त्याला नॉन-हीम लोह म्हणतात. चहा अडवतो तो मुख्यतः याला. मी तो शब्द अवतरणचिन्हांत टाकला, का तर नेमकं तेच मिळावं. छान, आटोपशीर यादी आली आणि मी ती वाचायला घेतली. वाचता वाचता एक १९७५ चा लेख सापडला, 'गट' या ब्रिटिश नियतकालिकातला. जुन्या छापील पानांची प्रत फुकट उघडत होती. त्यात पाव होता आणि चक्क भाताचं जेवण होतं, बटाटा-कांद्याच्या सूपबरोबर. चहामुळे दोन्हींतलं लोह कमी शोषलं गेलं. भात, बटाटा, कांदा वाचून मला इतका आनंद झाला की मी तो परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवला. आई म्हणाली, "पण ते कोरा चहा पीत असतील. आपला दुधाचा."

बरोबर होतं. याचं उत्तर माझ्या यादीत नव्हतं. मी त्या १९७५ च्या नोंदीवरच्या 'सिमिलर आर्टिकल्स'वर सहज बोट ठेवलं आणि १९९९ चा एक लेख पुढे आला, 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मधला. चहा, कॉफी, कोको, वनस्पतींचे काढे, सगळे पावाच्या जेवणाबरोबर तपासलेले. आणि सारांशातच लिहिलेलं : चहा-कॉफीत दूध घातल्याने त्यांच्या अडवण्यात फारसा फरक पडत नाही. नेमका आईचा प्रश्न! मग हा लेख माझ्या यादीत का आला नाही? शीर्षक पुन्हा वाचलं. ब्रिटिश वर्तनी. मी 'हीम' हे एच-ई-एम-ई असं लिहिलं होतं, त्यांनी एच-ए-ई-एम असं. अवतरणचिन्हं घातली की पबमेड आपल्या शब्दाचा अर्थ लावणं थांबवतं आणि अक्षरं जुळवत बसतं. चिन्हं नसती तर तोच शब्द त्याने शीर्षकांशी जोडून पाहिला असता. शब्दाच्या शेवटी तारा (*) टाकला तरी हेच होतं. अ‍ॅनिमियाचंही तसंच, अमेरिकी वर्तनी वेगळी, आपली नि ब्रिटिशांची वेगळी. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चच्या पानावर प्रत्येक शोधाचा तपशील उघडता येतो. आपण काय लिहिलं आणि मशीनने त्याचं काय केलं, ते तिथे दिसतं. ते उघडून बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली. दोन्ही वर्तनी घालून सगळा शोध पहिल्यापासून केला. तीन आठवड्यांचं वाचन वाया गेलं नाही, पण यादी बरीच वाढली.

'नॉट'चाही फटका बसला. उंदरांवरचे प्रयोग नकोत म्हणून 'नॉट रॅट्स' लिहिलं, तर ज्या लेखांत उंदरांचा नुसता उल्लेख होता, पण प्रयोग माणसांवर होता, तेही गेले. मी तो शब्द काढून टाकला आणि उंदरांचे लेख हाताने बाजूला केले. वेळ गेला, पण मला तेच योग्य वाटतं.

पूर्ण लेख मिळवणं हा वेगळाच भाग. काही ठिकाणी सारांशापुढे दार बंद, उघडायला डॉलर. माझ्याबरोबरची एक मुलगी 'फ्री फुल टेक्स्ट'ची खूण करूनच शोधायची. मी तिला ते सोडायला लावलं. जे फुकट आहे तेवढंच जणू संशोधन झालं, असा प्रबंध कसा लिहायचा? जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, त्यात सरकारी विद्यापीठांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली, आणि ही योजना सांभाळणारं इन्फ्लिबनेट हे केंद्र आपल्या गांधीनगरलाच आहे. तरी आधी सगळं शोधायचं आणि मग काय उघडतं ते पाहायचं, हा क्रम मी मोडत नाही.

या सगळ्यात एक वही भरली. तारीख, नेमका शोध, किती नोंदी, काय बदललं, का बदललं. मार्गदर्शक मॅडमनी प्रबंध वाचताना आधी ती वहीच मागितली.

आईच्या मूळ प्रश्नाचं, किती वेळाने, याचं उत्तर २०१७ च्या एका प्रयोगात मिळालं. ब्रिटनमधल्या १२ निरोगी बायका. जेवणाबरोबरच चहा घेतला तेव्हा लोहाचं शोषण स्पष्ट कमी झालं. तासाभराने घेतला तेव्हा तो परिणाम बराच ओसरला. मी आईला संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ताटं उचलल्यावर ती घड्याळ बघू लागली, आणि भाजीवर लिंबू पिळू लागली, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

आठवड्याने पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "बाराच बायका? आणि त्या निरोगी. माझ्यासारखी, रक्त कमी असलेली, पोळी-भाजी-वरण खाणारी एकही नव्हती का त्यांच्यात?"

मी वही आणली आणि तीन रकान्यांशेजारी चौथा आखला.