नोटोरियस पैलवान

माझी भाची नववीत आहे, इंग्लिश मीडियमला. मागच्या महिन्यात तिला आजोबांवर निबंध लिहायचा होता म्हणून तिने आमच्या अण्णांवर लिहिलं, म्हणजे माझ्या वडिलांवर. अण्णा तरुणपणी कुस्ती करायचे, जत्रेत त्यांची जोड लागली की लोक लांबून बघायला यायचे. तर पोरीने पहिलंच वाक्य लिहिलं, 'माय ग्रँडफादर वॉज अ नोटोरियस रेसलर'. मोबाईलमधल्या डिक्शनरीत नोटोरियससमोर 'प्रसिद्ध' असं दिसलं, तिने उचललं. वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं, सगळी हसली, वहीत लाल पेनाने गोल केला पण चूक काय ते कोणी सांगितलंच नाही. घरी येऊन रडली आणि मला फोन, 'मावशी, मी अण्णांचं काही वाईट लिहिलं का गं?'

मला फार लागलं ते. मी वीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि ही चूक दरवर्षी बघते, कारण आपण मुलांना शब्द देतो आणि एका शब्दात त्याचा अर्थ देतो, तो शब्द कोणाबरोबर उठतो-बसतो ते सांगतच नाही.

तिला मी मराठीतूनच सांगितलं. 'सराईत' शब्द घे. तो सराईतपणे गाडी चालवतो म्हटलं तर कौतुक, पण पेपरात सराईत आलं की पुढे गुन्हेगार आलाच. 'नामचीन' तर बघच, हिंदीत नामचीन गायक चालतो, मराठीत नामचीन म्हटलं की पुढचा शब्द गुंड. नोटोरियस तसलाच. चोर, स्मगलर, जिथे सारखे अपघात होतात ते वळण, यांच्याबरोबर तो शोभतो, अण्णांबरोबर नाही.

पण मग मी तिला अजून एक सांगितलं आणि ते ऐकून तिचा आवाजच बदलला. नोटोरियसचं मूळ लॅटिनमधल्या 'नोटुस'मध्ये आहे, म्हणजे माहीत असलेला, बस्स. सोळाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असलेला एवढाही व्हायचा. पण लोक तो सारखा चोर-दरोडेखोरांनाच लावत गेले आणि ती संगत त्याला कायमची चिकटली. म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कदाचित तिच्या वाक्याला कोणी हसलंही नसतं!

इग्रीजियसचं पण असंच झालं. लॅटिनमध्ये अर्थ 'कळपातून वेगळा उठून दिसणारा', म्हणजे चांगलाच. इटालियनमध्ये अजूनही औपचारिक पत्राच्या सुरुवातीला 'एग्रेजो' लिहितात, आपण माननीय लिहितो तसं. आणि इंग्रजीत आज इग्रीजियस म्हणजे डोळ्यात खुपेल इतकी वाईट चूक. एकच शब्द, एका देशात सन्मान आणि दुसऱ्यात शिवी.

इन्फेमसला मुलं वेगळ्याच कारणाने फसतात. इन म्हणजे नाही, मग इन्फेमस म्हणजे फेमस नसलेला, कोणाला माहीत नसलेला, असं त्यांना वाटतं आणि त्यांचा हिशोब चुकीचा म्हणवत नाही. पण इन्फेमस माणूस सगळ्यांना माहीत असतो, वाईट कारणासाठी. त्यात नोटोरियसपेक्षा नीचपणा जास्त आहे. 7 डिसेंबर 1941 ला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना भाषण करायचं होतं. टाईप केलेल्या मसुद्यात ही तारीख 'जगाच्या इतिहासात' राहील असं होतं, त्यांनी ते स्वतःच्या हाताने खोडून तिथे 'इन्फमी' लिहिलं, इन्फेमसचंच नाम, म्हणजे बदनामी. इतिहासात तर चांगलं-वाईट सगळंच राहतं, पण इन्फमी म्हटल्यावर काळिमा आला. भाषण त्या एका शब्दासाठी लोकांच्या लक्षात आहे.

चांगल्या बाजूचे शब्दही बघून वापरायला लागतात. एमिनंट हा डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ अशा ज्ञानाने मोठ्या झालेल्यांना, सेलिब्रेटेड हा ज्याचं लोक कौतुक करतात त्याला, आणि रिनाउन्ड मला सगळ्यात आवडतो कारण त्याच्या पोटात 'नाव' आहे, पुन्हापुन्हा घेतलेलं नाव. आपण म्हणतो ना, पोराने बापाचं नाव काढलं.

रेप्युटेडबद्दल मात्र थांबून सांगते, कारण नोकरीच्या अर्जात आपण सगळेच लिहितो, 'रेप्युटेड कंपनीत काम केलंय'. आपल्याकडे चालतं, जाहिरातीही तशाच असतात. पण इंग्लंड-अमेरिकेत रेप्युटेडचा नेहमीचा अर्थ आपल्या 'म्हणे'सारखा आहे, तो म्हणे श्रीमंत आहे, खरं-खोटं देव जाणे. बाहेर अर्ज करणाऱ्यांनी तिथे रेप्युटेबल लिहा, म्हणजे विश्वासाचा, पत असलेला. खूप जणांना मी हे अर्जात दुरुस्त करून दिलंय.

तर भाचीला मी तीन शब्द सुचवले, फेमस, वेल-नोन आणि रिनाउन्ड. फेमस तिला टीव्हीवरच्या लोकांसारखा वाटला, रिनाउन्ड फार मोठा वाटला, अण्णा कुठे महाराष्ट्र केसरी होते. रात्री तिने वाक्याचा फोटो पाठवला. 'जत्रेत माझ्या आजोबांचं नाव सगळ्यांना माहीत होतं', एवढंच साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. मी तो अण्णांना वाचून दाखवला, ते म्हणाले, जत्रा कुठली ते पण लिही म्हणावं तिला.