कार्यक्रमाची तारीख काय, मॅडम?

महापालिकेच्या शाळेत आठवड्याला दोन तासिका कथक शिकवायची परवानगी मिळवायला मला साडेपाच महिने लागले. त्यातला बराच काळ एका रकान्याने खाल्ला. आमच्या नृत्यवर्गांच्या ग्रुपवर 'तू आत कशी शिरलीस' हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकू. शहराचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण यंदाचा अर्जही त्याच टेबलावर आहे.

सुरुवात गॅदरिंगपासून झाली. शेजारच्या शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बारा नाच झाले. त्यातले अकरा मोबाइलवरच्या गाण्यांवर, दहा दिवसांत बसवलेले. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींना सगळं येत होतं, मागचे बारा जण त्यांच्याकडे बघून हात हलवत होते. त्यात मुलांचा काहीच दोष नाही. त्यांना नाच कुणी शिकवलाच नव्हता, बसवला होता. चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना वर्षातून एकच चित्र दहा दिवस गिरवायला लावून भिंतीवर टांगत नाही. नाचाच्या बाबतीत मात्र तेवढंच करतो. चहा पिताना मुख्याध्यापक बाईंना म्हटलं, पाचवी-सहावीला वर्षभर मी शिकवते, मानधन नको, पण गॅदरिंगसाठी नाही. बाई म्हणाल्या, "या की. फक्त वरून परवानगी आणावी लागेल."

त्या 'फक्त'वर मी हसले होते.

कागद जमवण्यात फार काही गेलं नाही. आधार, फोटो, विशारदचं प्रमाणपत्र, शाळेचं संमतीपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला. दाखल्याचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. चौकीवरून फोन आला, जाऊन आले, मिळाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फाईल घेऊन मी त्या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर उभी होते.

पहिलं टेबल कलेचं. तिथल्या भाऊसाहेबांनी प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "ए.टी.डी. कुठंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ए.टी.डी. म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, चित्रकला शिक्षकांची पदविका. आपल्याकडे शाळेत 'कलाशिक्षक' म्हटलं की चित्रकलेचे सर, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. मी सांगितलं, मी नृत्य शिकवते, ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे, प्रारंभिकपासून सात परीक्षा देऊन मिळते. ते म्हणाले, "ते बरोबर आहे हो, पण आमच्या तक्त्यात कला म्हणजे ए.टी.डी. किंवा ए.एम. (आर्ट मास्टर, तेही चित्रकलेचंच). तुमचं यात बसत नाही." फाईलवर शेरा पडला: 'अर्हता विषयाशी सुसंगत नाही.'

पंचवीस वर्षं पायात घुंगरू बांधणाऱ्या बाईच्या फाईलवर हा शेरा. जिना उतरताना मी काय काय पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मे महिना, सुट्ट्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर परत गेले तर तेच भाऊसाहेब, खरं तर सज्जन माणूस, म्हणाले, "मॅडम, क्रीडा विभागात द्या. नाच म्हणजे व्यायामच की." दिली. क्रीडाच्या टेबलावर तीन आठवडे फाईल पडून. साहेब कधी स्पर्धांना, कधी मीटिंगला, कधी व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये). शेवटी भेटले तेव्हा त्यांनी एक मोलाचा सल्ला दिला: "विषयात एरोबिक्स लिहा. किंवा लेझीम. आज सही करतो."

खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं विचार केला. लेझीम काय सुंदर प्रकार आहे! शिवाय ती शाळेत कुठे अडली नाही, कारण ती कवायतीच्या दारातून आत आली. हलगी, शिट्टी, रांगा, झालं. मीही त्याच दारातून घुसले असते तर जुलैतच वर्गात असते. पण मग मला कवायतच शिकवावी लागली असती, आणि कुणी तपासायला आलं असतं तर मुलांनी 'एक-दोन-तीन-चार' करून दाखवायचं. नाही म्हटलं. घरी नवरा म्हणाला, लिहायचं ना एरोबिक्स, वर्गात कोण बघतंय. त्या रात्री आमच्याकडे जरा शांतता होती.

(हो, एक राहिलं. ज्यांचं लग्नाआधीच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्यांनी विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत पहिल्याच दिवशी जोडा. मला त्यासाठी एक वेगळी चक्कर पडली. आपल्या धंद्यात निम्म्या बायकांची विशारद माहेरच्या नावावर असते.)

तिसरं टेबल सांस्कृतिकचं. आणि हा तो रकाना. बाहेरच्या व्यक्तींनी शाळेत काही करायचं तर एक छापील नमुना भरावा लागतो. त्यात सातवा रकाना: 'कार्यक्रमाची तारीख व वेळ'. मी त्यात 'लागू नाही' लिहिलं होतं. टेबलावरच्या मॅडमनी फाईल परत सरकवली.

"तारीख लिहा."

"कार्यक्रम नाहीये मॅडम. शिकवायचंय. वर्षभर."

"मग कार्यक्रम कधी?"

"नाहीच."

त्यांनी चष्मा काढला. "गॅदरिंग नाही, स्पर्धा नाही, पंधरा ऑगस्ट नाही. मग नाच शिकवायचा कशासाठी?"

हा प्रश्न कुचकट नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. त्याच इमारतीत गणिताच्या शिक्षकाला कुणी विचारत नाही की गुणाकार शिकवताय, तर कार्यक्रम कधी. मी समजावलं. ताल म्हणजे मोजणं, सोळा मात्रांचे चार भाग करणं, नवव्या मात्रेला 'खाली' (टाळी न देता हात नुसता उघडणं) दाखवणं, हाताने बोलणं, दुसऱ्याच्या लयीत आपला पाय बसवणं. त्या 'हो हो' म्हणाल्या आणि तारखेचा रकाना रिकामा म्हणून फाईल प्रलंबितमध्ये टाकली. मी पुढच्या आठवड्यात गेले, त्या रजेवर. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले, फाईल परत कलेच्या टेबलाकडे, तिथे ए.टी.डी. नाही म्हणून पुन्हा सांस्कृतिककडे. ऑगस्ट असाच गेला. माझी पावलं त्या जिन्यावर तीनतालात पडायला लागली होती.

एकदा भांडलेही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र नृत्यात पदवी देतं, दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, म्हणजे शासनाला हा विषय माहीत आहे आणि फक्त तुमच्या तक्त्याला माहीत नाही, असं मोठ्या आवाजात बोलले. शिक्षण हक्क कायदाही काढला. 2009 च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलंय. 'कलाशिक्षण' म्हटलंय, 'चित्रकला' नाही. सगळं बरोबर होतं आणि उपयोग शून्य झाला. भांडू नका. निदान उभ्याने भांडू नका, पुढच्या वेळी खुर्ची देत नाहीत.

सुटलं ते मुख्याध्यापक बाईंमुळे. गणपती झाल्यावर मी त्यांच्याकडे रडगाणं गायला गेले होते. त्या उठल्या आणि कपाटातून पाचवीचं बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' काढलं. 'शिकू' म्हणजे कलाशिक्षणाचा भाग. त्यात चित्र, शिल्प, गायन, वादन, नाट्य आणि नृत्य. सरकारी पुस्तक, दर वर्षी शाळेत येणारं, आणि मी पाच महिने कायदे शोधत बसले होते! बाईंनी त्या पानाची झेरॉक्स काढली, 'नृत्य' या शब्दाखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या आणि नवीन पत्र लिहिलं. विषय: 'पाठ्यपुस्तकातील कलाशिक्षण (नृत्य) या घटकाच्या अध्यापनासाठी साहाय्य मिळणेबाबत'. माझ्या अर्जाचा विषय होता 'कथक नृत्य शिकविण्याची परवानगी मिळणेबाबत'. फरक एवढाच. माझ्या अर्जात मी काहीतरी मागत होते, त्यांच्या पत्रात शाळेचं ठरलेलं काम अडलं होतं.

नऊ दिवसांत सही झाली.

तेव्हा पहिलं काम पुस्तकाचं पान जोडायचं, आणि पत्र शाळेकडून जाऊ द्यायचं, आपल्याकडून नाही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पहिले दोन महिने मी तो घेतलाच नव्हता, त्यामुळे माझी फाईल 'आलीच नाही' असंही एकदा ऐकलं. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात ठेवायचं नाही.

परवानगीपत्रावर माझ्या नावापुढे काय आहे सांगू? 'कलाशिक्षक (चित्रकला) – नृत्य'. तक्त्यात बसवलं शेवटी. दुरुस्त करून मागायची हिंमत झाली नाही.

वर्गाबद्दल थोडंच लिहिते. बाक भिंतीला लावून अठ्ठावीस मुलं उभी राहतात. पहिल्या दिवशी मुलगे म्हणाले, आम्ही नाचणार नाही. म्हटलं नाचू नका, मोजा. टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर, नवव्यावर हात नुसता उघडायचा. त्यांनी मुलींना चुकवण्यासाठी इतक्या जोरात मोजलं की तिसऱ्या तासाला स्वतःहून 'ता थेई थेई तत' पायात आलं. खालच्या मजल्यावरच्या चौथीच्या बाई धावत वर आल्या, छताचा चुना पडतोय म्हणून. तेव्हापासून तळमजल्याचा वर्ग मागून घेतलाय. तुम्हीही आधीच मागा. खाली शहाबादी फरशी असेल तर तत्कार (पायांनी बोल वाजवणं) दहा मिनिटांच्या वर नको, मुलांच्या टाचा दुखतात. घुंगरू अजून आणलेले नाहीत. आणले की सगळं लक्ष आवाजावर जातं, पावलावर राहत नाही.

परवानगी फक्त त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, दर वर्षी नव्याने अर्ज. यंदाचा मी सोमवारी दिला. पुस्तकाचं पान जोडलंय, शाळेचं पत्र वर ठेवलंय, आवक शिक्का घेतलाय. सातव्या रकान्यात या वेळी लिहिलंय: 'दर मंगळवार व शुक्रवार, दुपारी 2.20'.