सारंगखेड्याच्या तोंडावर

दत्तजयंती जवळ आली की घोड्यांच्या डॉक्टरला दोन कामांसाठी फोन येतात. एक तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्त काढायचं असतं, नाहीतर नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेपर्यंत खाऊ घालून जनावर अंगाने ‘भरायचं’ असतं. माळशिरस तालुक्यातल्या आबांचा फोन मात्र वेगळाच होता. घरच्या घोडीचं अकरा महिन्यांचं शिंगरू सकाळी उठल्यावर पुढचे पाय चोरत होतं. सारंगखेड्याला निघायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

मी पोहोचलो तेव्हा पागेसमोर बरीच माणसं जमली होती. शिंगरू होतंच तसं. मारवाडी रक्ताचं, पंचकल्याणी कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाचं, चारी पाय आणि कपाळ पांढरं, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. खरारा करून करून अंगावर झळाळी आणलेली. नातवाने मोबाईलवर टाकलेले त्याचे व्हिडिओ थेट गुजरातपर्यंत फिरले होते आणि दोन व्यापाऱ्यांनी फोनवर भावही सांगितला होता. मागचे पुठ्ठे इतके भरलेले की मधोमध पन्हळ पडली होती. जमलेले लोक त्या पन्हळीकडे बोट दाखवून आबांचं कौतुक करत होते. माझी नजर मात्र त्याच्या गुडघ्यांवर गेली.

घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला मी मोहरकी सैल सोडायला सांगितली आणि शिंगरू फरशीवरून चालवून घेतलं. पाऊल आखूड पडत होतं, पण एका पायाने लंगडणं नव्हतं. दोन्ही पाय सारखेच दुखत असले की लंगडणं लपून जातं. म्हणूनच घरच्यांना ते इतके दिवस फक्त ‘जरा आळशी’ वाटलं होतं. समोर बसून पाहिलं तर दोन्ही गुडघ्यांच्या जरा वर हाड आतल्या बाजूने रुंद झालेलं. हात लावला तर गरम लागलं, अंगठ्याने दाबलं तर त्याने पाय खेचून घेतला. खुराच्या वरचा सांधाही बाजूने बघताना ताठ, उभा दिसायला लागला होता. शिंगराच्या पायाला तिथे थोडा उतार हवा. हाड झपाट्याने लांब होतं, मागची शीर त्या वेगाने लांबत नाही आणि सांधा पुढे ओढला जातो.

गाडीतलं छोटं एक्स-रे मशीन काढून फोटो घेतले. पुढच्या पायाच्या हाडाची खालची वाढपट्टी कडेने फुगलेली, ओठ बाहेर आल्यासारखी दिसत होती. आबा ऊसवाले, म्हणून त्यांना त्यांच्याच शेतातलं सांगितलं. उसाची कांडी जशी पेरापाशी वाढते, तसं हाड टोकाजवळच्या या मऊ पट्टीतून वाढतं. ही पट्टी बंद होऊन पक्कं हाड व्हायला घोडा दोन-अडीच वर्षांचा व्हावा लागतो. तोवर त्याच्या अंगावर चढणारा प्रत्येक किलो या पट्टीवर दाब टाकतो.

मग टेप काढला. वजनकाटा जवळ नसेल तर छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, आणि वर्षाच्या आसपासच्या शिंगराला भागिले साधारण १०,९००. मोठ्या घोड्याला ११,८८० ने भागतात. तोच आकडा शिंगराला लावला तर वजन कमी दिसतं. घेर १५० भरला, लांबी १२७. म्हणजे २६२ किलो. आईबापाच्या अंगलटीवरून हा घोडा पुरा वाढल्यावर ३८० किलोच्या आसपास जाईल असा माझा अंदाज होता. वर्षाचं शिंगरू आपल्या पुऱ्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचतं, पण उंची तोवर नव्वद टक्क्यांच्या घरात गेलेली असते. या हिशेबाने अकराव्या महिन्यात तो २३० ते २३५ किलो हवा होता. उरलेले तीसेक किलो नुसती चरबी. बरगड्या बोटांनी शोधूनही सापडेनात, मानेवर गादी, शेपटीच्या मुळाशी मऊ गोळा. हेनेके नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये घोड्याची अंगलट मोजायला १ ते ९ अशी पट्टी दिली, ती आम्ही रोज वापरतो. शिंगरू मला पाचाजवळ हवं असतं. हे आठवर होतं.

“खायला काय देता?” या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: दोन डबे. डब्यावर माझा विश्वास नाही, कारण एक डबा कोंडा आणि एक डबा हरभरा यांचं वजन कधीच सारखं नसतं. घरातला ताणकाटा मागवला आणि मोतद्दाराकडून दिवसभराची चंदी एकेक करून तोलून घेतली. भिजवलेला हरभरा, कोरडा धरला तर अडीच किलो. गव्हाचा कोंडा दोन किलो. म्हशीचं दूध तीन लिटर. गूळ पाव किलोला थोडा कमी. हिरव्यात घरचंच सुपर नेपियर, वर थोडा कडबा. मोतद्दाराने सगळं मनापासून केलं होतं. चंदी दिवसातून चार वेळा विभागून द्यायचा, तोबरा रोज धुवायचा. त्या पोराच्या कामात मला बोट ठेवायला जागा नव्हती.

ओट्यावर बसून कागदावर हिशेब मांडला. या वयाच्या, या अंगलटीच्या शिंगराला दिवसाला सुमारे १४ मेगाकॅलरी ऊर्जा पुरते. इथे वैरण सोडून नुसत्या चंदी, दूध आणि गुळातूनच १८ च्या आसपास जात होती. पण मला जास्त भीती दुसऱ्या आकड्यांची वाटली. त्याच चंदी-दुधातून कॅल्शियम मिळत होतं जेमतेम १२ ग्रॅम आणि फॉस्फरस ३६ ग्रॅम. वाढत्या शिंगराला कॅल्शियम दिवसाला २८ ग्रॅमच्या आसपास लागतं आणि ते फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं लागतं. इथे सगळं उलटं झालं होतं, आणि त्याचं मुख्य कारण कोंडा. किलोभर कोंड्यात फॉस्फरस ११-१२ ग्रॅम आणि कॅल्शियम एक-सव्वा ग्रॅम. जुन्या काळी इंग्लंडमधल्या पिठाच्या गिरणीवाल्यांचे घोडे फुकटच्या कोंड्यावर वाढायचे आणि त्यांच्या चेहऱ्याची हाडं फुगायची. त्या आजाराला गिरणीवाल्यांचंच नाव पडलं होतं.

एवढ्यात आबांनी आतून एक रिपोर्ट आणून दिला. महिन्याभरापूर्वी कुणीतरी सांगितलं म्हणून रक्त तपासलं होतं. कॅल्शियम नॉर्मल. “मग कमी कसं म्हणता, डॉक्टरसाहेब?” प्रश्न रास्त होता. हृदय आणि स्नायू चालायचे तर रक्तातलं कॅल्शियम घटून चालत नाही. खाण्यातून मिळालं नाही तर शरीर ते हाडातून काढतं आणि रक्तातली पातळी राखतं. म्हणून असा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. हाडाची गोष्ट रक्त सांगत नाही. ती चंदीच्या टोपलीत शोधावी लागते.

टोपली तपासता तपासता नेपियरवर आलो. आबांच्या गाई त्यावर उत्तम चालल्या होत्या, त्यामुळे त्यांना माझं म्हणणं पटेना. नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. गाईच्या मोठ्या पोटातले जंतू हे ऑक्झलेट आधीच फोडतात. घोड्याचं तसं नाही. त्याचे जंतू मागच्या आतड्यात, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात. चारा जंतूंपर्यंत पोहोचेस्तोवर कॅल्शियमची वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बांधाबांधावर हे गवत लागलं आहे, गाईम्हशींसाठी ते चांगलंच आहे, पण वाढत्या शिंगराचा मुख्य चारा म्हणून ते मला बिलकूल चालत नाही. हे मी भेटेल त्या घोडेवाल्याला सांगतो.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे उपाशी ठेवू? यात्रेला हाडं दाखवत नेऊ?”

उपाशी ठेवणं हा दुसरा अपघात झाला असता. वाढत्या शिंगराचं खाणं एकदम तोडलं तर वाढ अडते, आणि पुन्हा खुराक सुरू केला की ती एकदम उसळते. त्या उसळीत पाय आणखी बिघडतात. ऊर्जा कमी करायची, प्रथिनं आणि खनिजं मात्र पुरी ठेवायची. बदल दहा दिवसांत हळूहळू करायचा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. त्यांच्या शेजाऱ्याकडे राहुरीच्या आरएल-८८ जातीची लसूणघास होती. ती १० ते १२ किलो, कापून थोडी सुकवलेली. सोबत वाळलेलं हरळी-मारवेल तीन किलो. हरभरा अर्धा किलो. कोंडा, गूळ आणि दूध टप्प्याटप्प्याने बंद. घोड्यासाठीचं खनिज मिश्रण, ज्यात तांबं आणि जस्त आहे, आणि मिठाचा खडा कायम. नातू म्हणाला, गाईंची गोळी पेंड घरातच आहे, तीच थोडी दिली तर? त्याला पोतं आणायला लावून त्यावरचा मजकूर वाचायला लावला. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. गाईला चालणारी त्याची मात्रा मोठी असते आणि घोडा त्याच्या थोड्याशा मात्रेनेही मरतो. त्या पोत्यावर घटकांची यादीच नव्हती. पोतं परत गोठ्यात गेलं.

कामाच्या बाबतीत आबांना सर्वांत जड गेलं ते ‘लाँगिंग’ बंद करणं. यात्रेत रहवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणारी सपाट चाल दिसावी म्हणून शिंगराला रोज दोरीवर गोल फिरवत होते. दुखऱ्या वाढपट्टीवर गोल फिरवणं म्हणजे एकाच बाजूला पुन्हा पुन्हा दाब. त्याऐवजी लहान कुंपणात मऊ जमिनीवर त्याला मोकळं सोडायचं, त्याच्या मर्जीने. नालबंदाला बोलावून टाचा थोड्या उतरवून घेतल्या. नाल मारायचे नाहीत. वेदनेसाठी मेलोक्सिकॅम दिलं, तेही थोडेच दिवस, कारण दुखणं पूर्ण दाबलं तर शिंगरू उधळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

यात्रेचा निर्णय मी त्यांच्यावर सोडला नाही. रात्रभर ट्रकमध्ये तोल सावरत उभं राहायचं, मग तापीकाठी गर्दीत दिवसचे दिवस बांधून ठेवायचं, हे त्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. शिवाय घेणाऱ्याला हा पाय कळल्याशिवाय राहणार नाही. जाणता माणूस आधी पाय बघतो, मग देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा बघतो. आबा म्हणाले, “माझ्या बापाने ही घोडी सारंगखेड्याहूनच आणली होती. तिचं पहिलं पोरगं तिथे दाखवायची हौस होती.” त्या हौशीत पैशाचा भाग कमी होता, हे मला दिसत होतं. म्हणूनच तिला नाही म्हणणं मला जड गेलं.

ते यात्रेला गेले, शिंगराशिवाय. मकरसंक्रांतीनंतर मी पुन्हा टेप लावला. वजन जवळजवळ तेवढंच होतं आणि उंची बोटभर वाढली होती, म्हणजे हवं तेच झालं होतं. बरगड्या दिसत नव्हत्या, पण हाताला लागत होत्या. गुडघ्यावरची गरमी गेली होती. खुरावरच्या सांध्याला उतार परत यायला उन्हाळा लागला. उजव्या गुडघ्याच्या वर हाडाची थोडी रुंदी कायमची राहिली आहे. घोडा तिच्यासकट सरळ चालतो.

आबांनी विहिरीजवळचं नेपियर काढून पाच गुंठे लसूणघास लावली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोतद्दार घेर आणि लांबी मोजतो, वहीत लिहितो आणि फोटो मला पाठवतो. गेल्या महिन्यात त्या वहीत शेजारच्या गावातल्या दोन शिंगरांची पानंही निघाली. त्यांच्यातल्या एकाचा घेर मला जास्त वाटला, म्हणून रविवारी तिकडे जाणार आहे. आबांचा आता एकच प्रश्न असतो, खोगीर कधी चढवायचं. तीन वर्षांचा होईपर्यंत नाही, असं मी सांगितलं आहे, आणि त्याआधी पुन्हा एकदा एक्स-रे काढायचा.