आमची वाटचाल : एका वेळी एकच घाणा

मी पुण्याची, लग्न होऊन चेन्नईत मैलापूरला आले. सासर मूळचं कुंभकोणमकडचं. इथे रेल्वेचा प्रवास ठरला की आदल्या रात्री इडल्या होतात आणि त्यांना तिळाचं तेल आणि मिळगाय पोडी, म्हणजे सुक्या मिरच्या आणि डाळींची कोरडी भरड चटणी, दोन्ही बाजूंनी चोपडून डबा भरला जातो. ओली चटणी आंबते, या इडल्या दुसऱ्या दिवशीही छान लागतात. असेच डबे घेऊन आम्ही माहेरी जायचो. तिथे इडल्या संपल्या की पोडीचीच मागणी व्हायची. हॉटेलात ‘गनपावडर’ नावाने मिळणारी पोडी खाल्लेल्या माणसांना ही निराळी वाटली. 2020च्या टाळेबंदीत जाणंयेणं थांबलं, म्हणून कुरियरने पाकिटं पाठवू लागलो. नात्यातल्यांच्या ओळखीचे, मग त्यांच्या ओळखीचे, असा धंदा वाढला.

कृती सासूबाईंची, म्हणजे अम्मांची. दोन वाट्या उडीद डाळ, एक वाटी हरभरा डाळ, पाऊण वाटी तीळ, पंचवीस-तीस सुक्या मिरच्या, खडा हिंग, मीठ, सुपारीएवढा गूळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीद गुलाबी होतो तोवर तीळ करपून कडू झालेले असतात. मिरच्या भाजताना त्यातच मीठ टाकायचं. ठसका कमी येतो आणि मिठातला ओलावाही जातो.

मिरची आम्ही दोन जातींची घेतो. ब्याडगीने रंग येतो, पण ती तिखटाला बेताचीच. तिखटपणासाठी रामनाथपुरमची मुंडू, बोरासारखी गोल, जाड सालीची. या मुंडूला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून दुकानदार तिचं नाव जरा जोरात घेतात, एवढाच फरक मला जाणवला.

घरासाठी करणं आणि विकणं यातला खरा फरक ओलाव्याचा. चेन्नईची हवा समुद्राची, त्यात इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका दिवाळीच्या मागणीत. कोमट डाळ मिक्सरमध्ये गेली की वाफ धरते आणि पोडीच्या गुठळ्या होतात. म्हणून परातीत पसरून पूर्ण गार होऊ देतो. आधी मिरच्या, मीठ, हिंग दळायचं, मग डाळी, आणि तीळ अगदी शेवटी, दोनदाच फिरवून. जास्त फिरवले तर तेल सुटतं. पोडी रव्यासारखी कणीदार राहिली पाहिजे. बोटांना पिठासारखी लागली तर ती इडलीवर चिखल होऊन बसते.

म्हणूनच गिरणीत दळून आणण्याचा सल्ला आम्ही मानला नाही. एक दुकानदार महिन्याला पन्नास किलो घ्यायला तयार होता. हिशेब चांगला दिसत होता, पण एवढा माल तीन-चार महिने फळीवर पडून राहणार, तिळाला खवट वास येणार, आणि पाकिटावर नाव आमचं. नाही म्हटलं. अजूनही एका वेळी एकच घाणा भाजतो, आणि पाकिटावर तारीख भाजल्याच्या दिवसाची छापतो.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेकडची, नोंदणी केली तेव्हा घटकांची यादी लिहायला बसलो आणि हिंगापाशी अडलो. बाजारातल्या बांधणीच्या, म्हणजे पिठात मिसळून बांधलेल्या, हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. गहू वर्ज्य असलेल्या गिऱ्हाइकाला हे कळायलाच हवं. त्यामुळे आता गव्हाऐवजी तांदळाच्या पिठाने बांधलेला हिंग वापरतो. महाग पडतो, पण चालेल.

महाराष्ट्रातली गिऱ्हाइकं पोडी मेतकुटासारखी मऊ भातावर घेतात. त्यासाठी मिळगाय पोडी फार जहाल. त्यांना आम्ही परुप्पु पोडी सुचवतो : भाजलेली तूरडाळ, मिरे, थोडी मिरची, वर तूप. लसूण घातलेली पोडी मात्र त्यांच्याच आग्रहाने सुरू केली. अम्मांच्या स्वयंपाकघरात लसूण चालत नाही, म्हणून तिची कढई, मिक्सरचं भांडं आणि शेगडी मागच्या गॅलरीत असते. अम्मा तिकडे फिरकत नाहीत. पाकिटं किती गेली, हे मात्र रोज विचारतात.