कुलूप आणि कुलपाच्या आतलं

तक्रार 1098 वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर आली होती. बाप पोरांना खोलीत कोंडून कामाला जातो. बालकल्याण समितीने माझ्याकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवला. त्याला कायद्याने 15 दिवस असतात, पण हातात आणखी पाच प्रकरणं असली की ते पुरत नाहीत.

हायवेलगत पत्र्याची एक खोली. बाप मार्केट यार्डात हमाल, गुळाचा सीझन असल्याने पहाटेच बाहेर. बायको वारलेली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. शेजारणीने मला दारातच गाठलं, "पितोय त्यो मॅडम. न्या पोरास्नी."

बापाने नाकारलं नाही. "पितो की. पर दोघं झोपल्याबिगर न्हाई." अशा कबुलीवर भाळायचं नसतं, म्हणून शेजारणीचं आणि त्याचं, दोन्ही लिहून घेतलं. कुलपाचं विचारलं तर म्हणाला, "उघडं ठेवलं तर धाकटं हायवेवर जातंय." धाकट्याला तापात फिट येते. सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे सगळे कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेवार लावले होते. औषध किती मिली, हे न बघता सांगितलं.

तेवढ्यात धाकटा पडला, रडायला लागला. बापाने हात पुढे केले. पोरगं त्याला ओलांडून बहिणीकडे गेलं. तिने त्याला कडेवर घेतलं आणि आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिच्याशी एकटीशी बोलले. भात लावते, ह्याला धुते, ताप आला की पट्ट्या ठेवते. शाळा आई गेल्यापासून बंद. तक्रारीत यातलं काहीच नव्हतं. पत्रा, कर्ज, दारू हे आमच्या फॉर्मच्या रकान्यांत बरोबर बसतं आणि गरिबीच हयगयीसारखी दिसायला लागते. आठ वर्षांची पोर आई होऊन बसलीय, याला रकाना नाही. संस्थेत पाठवलं तर वयामुळे दोघं वेगवेगळी पडण्याची भीती होती. तिचं ओझं उतरलं असतं, पण धाकटा ज्या एका माणसाकडे धावतो, तेही सुटलं असतं.

मी मुलं घरीच ठेवण्याची शिफारस केली. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "आत असताना आग लागली तर?" प्रश्न रास्तच होता. कुलूप लावणं बंद, ही पहिली अट. मुलीला शाळा, धाकट्याला अंगणवाडी. अंगणवाडी सुटल्यावर त्याला सांभाळायला तीच शेजारीण तयार झाली, पैसे ठरवून. बापाने मुकादमाकडून दुपारनंतरची भराई मागून घेतली. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला, मंजूर झाला तर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये. दारूसाठी समुपदेशन लावलं. त्यावर माझा फारसा भरवसा नाही, पण लावलं.

पाठपुराव्याला गेले तेव्हा दप्तर आणलेलं होतं, पोरगी मात्र अडून बसलेली. "ह्याला कोण बघणार?"

"मी हाय की," बाप म्हणाला.

तिला ते पटलं नव्हतं. अहवालात तसंच लिहिलं.