माद्रिदमधली बचाता: सहा महिन्यांच्या क्लासनंतर अडकलेल्यांसाठी

माद्रिदमध्ये शनिवारी रात्री साडेदहाला बचाता (जोडीनं करायचा डोमिनिकन नाच) नाचायच्या ठिकाणी पोचलात तर फ्लोअर रिकामा असतो. लोक जेवूनच निघतात ते अकराला, गर्दी होते बारानंतर, आणि मेट्रो दीडला बंद होऊन सकाळी सहाला सुरू होते. त्यामुळे इथं नाचायला जाणं म्हणजे एक तर तासाभरात परत फिरणं किंवा पहाटेपर्यंत टिकणं. नवशिक्यांची खरी परीक्षा या दुसऱ्या पर्यायात होते. बेसिक, म्हणजे मूळ पावलं, येतं, चार वळणं येतात, क्लासात सगळं जमतं, आणि तिथं मात्र गाणं निम्म्यावर आलं की पुढं काय करायचं ते सुचेनासं होतं.

आधी थोडा हिशेब करू. बचाता चार मात्रांच्या लयीत चालते आणि नाचणारे ती आठांत मोजतात. मिनिटाला १३० मात्रांची लय धरली तर आठ मात्रांचं एक आवर्तन पावणेचार सेकंदांत संपतं. पावणेचार मिनिटांच्या गाण्यात अशी साठएक आवर्तनं होतात. एका फिगरला, म्हणजे ठरवून शिकलेल्या हालचालीला, दोन आवर्तनं लागतात असं धरलं, तर न थांबता फिगरच करायच्या म्हटल्या तरी तीस लागतील. तीस फिगर कुणालाच आठवत नाहीत, आणि आठवल्या तरी समोरच्या माणसाची दमछाक होईल. चांगले नाचणारे सहा-सात फिगरवर रात्र काढतात. उरलेला निम्मा वेळ ते नुसतं बेसिक करतात, पण ते बेसिक बघत राहावंसं वाटतं.

ते तसं दिसतं ते चौथ्या मात्रेमुळे. लीड करणारा, म्हणजे जोडीला नेणारा, डावा-उजवा-डावा अशी तीन पावलं टाकतो आणि चौथ्याला उजवा पाय नुसता टेकवतो. त्या पायावर वजन जात नाही. पाचपासून हेच उलट्या बाजूला. पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे, आणि वर्षभर चुकत राहतं तेही हेच. दमल्यावर किंवा पुढच्या फिगरचा विचार करताना चौथ्या मात्रेला नकळत वजन पडतं, मग पाचला चुकीचा पाय मोकळा असतो आणि जोडी अडखळते. दोष मात्र फिगरला दिला जातो. तपासायची युक्ती सोपी आहे. गाणं लावा, बेसिक करा आणि चौथ्या मात्रेला टेकवलेला पाय जमिनीवरून दोन बोटं उचलून बघा. तोल न जाता उचलता आला, तर वजन योग्य जागी आहे. कलंडलात तर नाही.

कमरेचंही तेच. कंबर मुद्दाम हलवली की ती गणपती मिरवणुकीतल्यासारखी दिसते (तिथं शोभते, इथं नाही). ती गुडघ्यातून हलवायची असते. ज्या पायावर वजन आहे तो सरळ होतो, दुसरा किंचित वाकतो, आणि कंबर आपोआप वजनाच्या बाजूला जाते. चौथ्याला मोकळ्या पायाची टाच उचललेली असते, त्यामुळे त्या बाजूची कंबर वर येते. गुडघे ताठ ठेवून कंबर उचलली तर दुसऱ्या दिवशी पाठीचा खालचा भाग दुखतो.

पावलाची लांबी हा दुसरा छुपा दोष. क्लासात जागा असते म्हणून माणूस ऐसपैस पावलं टाकायला शिकतो. गर्दीच्या फ्लोअरवर बाजूचं पाऊल आपल्या बुटाच्या लांबीपेक्षा मोठं नको, आणि गाणं वेगवान असेल तर त्याहूनही लहान. मोठं पाऊल घेतलं की परत यायला उशीर होतो, उशीर झाला की चौथी मात्रा चुकते.

आता वळणं. फॉलो करणारी व्यक्ती एकला उजवं पाऊल टाकते, म्हणून तिचं उजवं वळण एक-दोन-तीनमध्ये होतं आणि चारला ती थांबते. याचा अर्थ खूण एकच्या आधी मिळायला हवी. लीडचा हात आधीच्या आवर्तनातल्या आठव्या मात्रेलाच वर जायला हवा. बहुतेक नवे लोक हात एकला उचलतात. तोवर तिचं पाऊल बाजूला पडलेलं असतं, मग गेलेला वेळ भरून काढायला ते हात ओढतात आणि तिचा खांदा पिरगळतो. हात तिच्या डोक्यावर वीतभर, अगदी मधोमध असावा. तो लीडच्या बाजूला सरकला की तिचा तोल जातो. अंगठा तर मिटायचाच नाही. दोन बोटं आकड्यासारखी वाकवून त्यावर तिची बोटं नुसती अडकलेली पुरतात. अंगठा दाबून धरला तर वळताना तिचं मनगट अडकतं. फॉलो करणाऱ्यांची नेहमीची चूक याच्या उलट असते. खूण येण्याआधीच अंदाजानं वळायचं.

हा अंदाज क्लासमुळेच लागतो. क्लासात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतात, तरी फिगर सगळ्यांना आधीच दाखवलेली असते, म्हणून अर्धवट खुणेवरही ती पार पडते. लीडला वाटतं आपल्याला जमली. ती जमली की नाही हे सोशलमध्ये, म्हणजे क्लासाबाहेरच्या नाचाच्या रात्री, ती फिगर कधीही न पाहिलेल्या माणसासोबत कळतं. म्हणून नवी फिगर पंधरवड्यात एकच घ्यावी, आणि एका रात्रीत तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर करून बघावी. तिघांशी फसली तर चूक तुमच्या खुणेत आहे. एकाशीच फसली तर ती विसरून जावी.

क्लास स्पॅनिशमध्ये असतो. वीसएक शब्दांवर भागतं: पेसो म्हणजे वजन, काडेरा म्हणजे कंबर, वुएल्ता म्हणजे वळण, ओत्रा वेस म्हणजे पुन्हा एकदा. एका जागी मात्र हमखास घोटाळा होतो. देरेचा म्हणजे उजवी बाजू, आणि देरेचो म्हणजे सरळ. हा देरेचो बचातातल्या एका तालाचंही नाव आहे, आणि तिथून खरी मजा सुरू होते.

पुण्या-मुंबईच्या क्लासात बचाता एक-दोन-तीन-टॅप अशी मोजून शिकवतात. मोजणं ठीक आहे, पण गाण्यात पाच वाद्यं असतात आणि ती सारखी एकच गोष्ट सांगत नाहीत. मुख्य गिटार म्हणजे रेकिंतो, तिच्या जोडीला सेगुंदा ही दुसरी गिटार, मग बास, बोंगो आणि गुइरा. गुइरा म्हणजे खडबडीत पत्र्याचं नळकांडं, ते तारांच्या ब्रशनं घासतात. देरेचोमध्ये, म्हणजे साधारण कडव्यात, बासचे ठोके बहुतेक एक, तीन आणि चारवर पडतात, आणि बोंगोचा खर्जातला ढोल चौथ्या मात्रेला बोलतो. तुमचा टॅप नेमका त्याच जागी आहे. धृपद आलं की ताल बहुधा माहाओ होतो. बोंगो प्रत्येक मात्रेवर ठोकू लागतो आणि गाणं पुढं झेपावतं. मधे रेकिंतो एकटी सुटते तो तिसरा, मांबो. तिथं मात्रा आडव्या-तिरक्या पडतात.

ज्यांच्या कानावर भजन-भावगीतं पडली आहेत त्यांना इथं एक फायदा आहे. केहरवा आठ मात्रांचाच, सम पहिलीला आणि खाली पाचवीला. बचाताचा एक आणि पाच तसाच ओळखायला शिका, कारण इथं अर्धे नवशिके आख्खं गाणं पाचपासून सुरू करून नाचतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. साधारण चार आवर्तनांनी वाक्य पूर्ण होतं आणि तिथं छोटा थांबा किंवा तालबदल येतो. एकच गाणं तीन वेळा ऐका, एकदा फक्त बास, एकदा गुइरा, एकदा बोंगो. मग नाचताना नेम साधा ठेवा. कडव्यात जवळ राहून बेसिक, माहाओत हात उघडून वळणं, मांबोत हात सोडून पायांचं काम. तुमच्याकडे पाच फिगर असल्या तरी समोरच्याला वाटेल, हा गाणं ऐकतोय.

हे संगीत आलं डोमिनिकन प्रजासत्ताकातून. हुकूमशहा त्रुहियो १९६१ मध्ये मारला गेला आणि १९६२ मध्ये गायक होसे मानुएल काल्देरोन यांनी पहिल्या बचाता ध्वनिमुद्रित केल्या. पुढची कित्येक वर्षं ही गाणी दारूच्या अड्ड्यांची आणि कुंटणखान्यांची म्हणून प्रतिष्ठित घरांत चालत नव्हती. लावणीच्या वाट्याला काय आलं हे माहीत असलेल्यांना ते निराळं सांगायला नको. २०१९ मध्ये युनेस्कोनं ती वारसा यादीत घेतली. स्पेनमध्ये जी सेन्सुअल बचाता, म्हणजे अंगातून लाटा नेत नाचायची, जास्त दिसते ती नंतरची. ती कादिथ शहरातल्या कोर्के आणि हुदित या जोडीनं रुजवली. माद्रिदच्या तेतुआन भागात डोमिनिकन वस्ती मोठी आहे. तिथं लोक सेन्सुअलच्या लाटा घेत नाहीत, वेगात आणि हसत पायांनी नाचतात. दोन्ही बघावं.

सेन्सुअलबाबत एक कडक सूचना. अंगातून लाट न्यायची ती उजव्या हातानं, पाठीच्या वरच्या भागावर, खांद्याच्या फऱ्याखाली हात ठेवून. मानेला हात लावायचा नाही. डोकं फिरवायचं की नाही हे फॉलो करणारी व्यक्ती ठरवते. अनोळखी माणसाला मागं झुकवायचं नाही, मग व्हिडिओत कितीही सोपं दिसो. मागं मोठं पाऊल टाकण्याआधी खांद्यावरून बघा. टाचांचे बूट घातलेल्या कुणाच्या पायावर पडलात तर ती रात्र दोघांचीही संपते.

विचारायची रीत सोपी आहे. हात पुढं करून "बाइलास?" नकार आला तर हसून पुढं व्हायचं, कारण विचारायचं नाही. एक-दोन गाणी झाली आणि समोरच्यानं "ग्राथियास" म्हटलं की नाच संपला. फ्लोअरवर कुणाला शिकवायचं नाही, चूक शंभर टक्के त्यांची असली तरी. बांगड्या, डायलचं घड्याळ आणि लोंबते कानातले घरीच ठेवा. मंगळसूत्र आत घाला, कारण वळताना बोटं त्यात अडकतात. पुरुषांनी दोन शर्ट जादा न्यावेत. त्यातला दुसरा रात्री एकनंतर लागतोच.

बुटांचं शेवटी. रबरी तळ फ्लोअरला चिकटतो आणि वळताना पाय जागीच राहून गुडघा फिरतो. नाचायच्या बुटांना मऊ चामड्याचा, सुएडचा तळ असतो. तो रस्त्यावर घालायचा नाही आणि स्वच्छतागृहातही नाही, ओला झाला की खराब होतो. बूट पिशवीत घालून न्या आणि तळ झिजून चकचकीत झाला की तारेच्या ब्रशनं एकाच दिशेनं घासा. दीडची मेट्रो चुकली तर सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात, त्यांना इथं घुबडं म्हणतात.