ऊर्ध्वपातित पाण्यात आम्ल कुठून आलं?

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. परवा सामू, म्हणजे पीएच, शिकवायला घेतला. द्रावण किती आम्ल आहे हे सांगणारा हा आकडा: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी (बेस). सामू आधीच ठाऊक असलेल्या बफर द्रावणांत बुडवून सामूमापक आधी तपासला, तो बरोबर होता. मग शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो हे मुलांना प्रत्यक्ष दिसावं म्हणून उघड्या राहिलेल्या बाटलीतलं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी चंचुपात्रात ओतलं. आकडा घसरत घसरत ५.७ च्या आसपास रेंगाळला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, मग यात आम्ल कोणी घातलं?"

त्या दिवशीचा ठरवलेला तास मी बाजूला ठेवला. इतका चांगला प्रश्न रोज येत नाही.

आम्ल हवेने घातलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि त्याचं थोडं कार्बोनिक आम्ल होतं. अगदी स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचा सामूही यामुळेच साधारण ५.६ असतो.

"पण ७ आणि ५.६ मध्ये फरक तो केवढा?" हा पुढचा प्रश्न. खरी गोम इथेच आहे. सामूची पट्टी फूटपट्टीसारखी नाही. तिच्यावर एक घर खाली उतरलं की द्रावणाला आम्ल करणारे हायड्रोजन आयन दहापट होतात, दोन घरं उतरलं की शंभरपट. ७ वरून ५.६ वर येणं म्हणजे तब्बल पंचवीस पट. शुद्ध पाण्यात हे आयन इतके विरळ असतात की पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक सापडावा. एवढ्या बारीक संख्या लिहिताना शून्यं मोजत बसावं लागू नये म्हणून १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइमांवर) काम करणाऱ्या सोरेन्सन यांनी ही लॉगरिदमची पट्टी मांडली.

म्हणूनच सामूची सरासरी काढू नये. सामू ३ आणि सामू ५ असलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची द्रावणं सारख्याच मापाने एकत्र करा, उत्तर ४ येत नाही, ३.३ येतं. हे गणित फळ्यावर करून दाखवल्याशिवाय मी पुढे जातच नाही.

एक शब्द मात्र सांभाळा. हिंदीत 'क्षार' म्हणजे आपली आम्लारी. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन पाण्याबरोबर तयार होतो तो पदार्थ. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास अडखळतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

आम्ल की आम्लारी हे ओळखायला लिटमस पुरतो, पण तो फक्त बाजू सांगतो, आकडा सांगत नाही. फिनॉल्फ्थॅलीन हे आम्लारीत गुलाबी होणारं दर्शक तर सुमारे ८.२ च्या खाली रंगहीनच राहतं. त्यामुळे ते गुलाबी झालं नाही म्हणजे द्रावण आम्लच आहे, असं म्हणता येत नाही. चव घेऊन किंवा बोट लावून ओळखणं तर वर्गात पूर्ण बंद. सोडियम हायड्रॉक्साइड बोटाला बुळबुळीत लागतं, कारण ते त्वचेतल्या स्निग्धाचा साबण करत असतं. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी आवाज चढवून सांगते.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जावा म्हणून ते पाणी उकळलं, झाकलं आणि पूर्ण थंड होऊ दिलं. थंड करणं महत्त्वाचं, कारण ७ हा उदासीन आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू ६.१ च्या जवळ असतो आणि तरीही ते उदासीनच असतं, कारण हायड्रॉक्साइड आयनही तेवढेच वाढलेले असतात. मापकाने ६.८ दाखवलं. मग तिने झाकण काढलं, काचकांडीने पाणी ढवळत राहिली आणि तास संपेपर्यंत आकडा खाली उतरताना वहीत टिपत बसली.